ठिणगीची वेळ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मी कविता लिहितो. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. अशा माणसाने मोटारीच्या इंजिनावर बोलावं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. पण माझं लहानपण पुस्तकांत कमी आणि ग्रीसमध्ये जास्त गेलं. माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, मोटार मेकॅनिक होते. कळंबोलीला हमरस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. आम्ही राहायचो जवळच रोडपालीला, आजही तिथेच राहतो. तेव्हा रोडपाली हे भातशेतीचं गाव होतं आणि कळंबोलीत सिडकोच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. आता शेती गेली, तलाव राहिला. पण एक गोष्ट तीच आहे. रात्री टीव्ही बंद झाला की पोलाद बाजाराकडे आणि बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज खिडकीतून आत येतो. पाहुण्यांना त्या आवाजाने झोप लागत नाही. मला तो नसला तर लागत नाही.

त्या आवाजाला आपण घरघर म्हणतो आणि सोडून देतो. पण ती घरघर म्हणजे एकामागून एक होणारे वेगवेगळे स्फोट आहेत, आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. ती वेळ कोण ठरवतं आणि चुकली तर काय होतं, हे आज सांगायचं आहे. चुकल्यावर काय होतं, हे मी स्वतः चुकून शिकलो. तेही सांगणार आहे.

अब्बांच्या शेडमध्ये सगळ्यांत जास्त यायची ती फियाट. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोक मरेपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. 1089 सी.सी.चं, चार सिलिंडरचं साधं इंजिन. झाकण उघडलं की सगळं डोळ्यांना दिसायचं. त्यामुळे ते समजून घ्यायलाही सोपं होतं.

सिलिंडर म्हणजे नळकांडं आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन म्हणजे दट्ट्या. या पिस्टनच्या चार खेपा असतात. पहिल्या खेपेला तो खाली येतो आणि पेट्रोल मिसळलेली हवा आत ओढतो. दुसऱ्या खेपेला वर जाऊन ती हवा दाबतो. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटतं आणि तिसऱ्या खेपेला पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. चौथ्या खेपेला तो पुन्हा वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. चार खेपांत कमाईची खेप एकच, बाकीच्या तीन खर्चाच्या. या चार खेपा होईपर्यंत खालचा क्रँक, म्हणजे ज्या दांड्यामुळे शेवटी चाकं फिरतात तो, दोन फेरे पूर्ण करतो.

एकच सिलिंडर असला तर दोन फेऱ्यांत एकदाच धक्का मिळतो. जुन्या बुलेटचा तो सुटा सुटा ठोका आठवा. चार सिलिंडर असले की प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला कुणा ना कुणाची कमाईची खेप येते आणि गाडी सलग चालते. चौघा भावांनी पाळीपाळीने घर चालवावं, तसं. आता पाळी कुणाची आधी आणि कुणाची नंतर? मला वाटायचं, सरळ आहे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा.

मी बारा वर्षांचा असेन. अब्बा नमाजला गेले होते आणि एक फियाट प्लग साफ करायला उभी होती. मी चारही प्लगच्या वायरी एकदम काढल्या, प्लग घासूनपुसून चकचकीत केले आणि वायरी परत लावल्या. डेल्कोच्या टोपणावर चार टोकं असतात. आपले मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. आतला रोटर फिरत फिरत एकेका टोकाला करंट वाटत जातो. मी ओळीने एक, दोन, तीन, चार अशा वायरी लावल्या आणि स्टार्टर मारला. कार्बोरेटरमधून फाट्कन आवाज आला, सायलेन्सरमधून दुसरा बार निघाला आणि शेडच्या पत्र्यावर बसलेले सगळे कावळे उडाले.

अब्बा आले, हसले आणि जमिनीवर खडूने चार पिस्टन काढले. फियाटच्या क्रँकची घडणच अशी आहे की पहिला आणि चौथा पिस्टन एकदम वर येतात, तेव्हा दुसरा आणि तिसरा एकदम खाली असतात. समजा, आत्ता पहिल्यात ठिणगी पडली. अर्ध्या फेऱ्यानंतर वर कोण असेल? दुसरा किंवा तिसरा. समजा दुसऱ्यात पडली. त्याच्यानंतर लगेच तिसऱ्यात पडू शकेल का? नाही, कारण दोघे बरोबरच वर येतात आणि बरोबरच खाली जातात. दुसऱ्याची पाळी संपते तेव्हा तिसराही तळाशीच असतो. म्हणजे एक-दोन-तीन-चार हा क्रम या इंजिनात बसतच नाही. बसतात ते दोनच. एक-तीन-चार-दोन किंवा एक-दोन-चार-तीन. फियाटचा क्रम एक-तीन-चार-दोन. मी लावलेल्या वायरींत फक्त पहिला सिलिंडर आपल्या जागी होता. बाकी तिघांना चुकीच्या वेळी ठिणगी मिळत होती. एकाचा तर आत घेण्याचा दरवाजा उघडा असतानाच मिळत होती. म्हणून कार्बोरेटरमधून भडका बाहेर आला.

ट्रकचं इंजिन बहुतेक सहा सिलिंडरचं. त्याचा क्रम साधारणपणे एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. हा क्रम बोटांवर म्हणून बघा. एकदा पुढच्या तिघांतला, एकदा मागच्या तिघांतला, पुन्हा पुढचा, पुन्हा मागचा. त्यामुळे धक्का लांबलचक क्रँकच्या एकाच टोकाला सलग बसत नाही, पीळ पडत नाही आणि हादरे एकमेकांना सावरून घेतात. 1983 साली मारुती 800 आली ती तीन सिलिंडरची, क्रम एक-तीन-दोन. तिच्या आवाजाला अब्बा म्हणायचे, "ही तीन पायांवर नाचते."

हा झाला पाळीचा भाग. पण पाळी आल्यावर ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी? खरी गंमत तिथे आहे आणि माझी चूकही.

तुम्ही म्हणाल, पिस्टन अगदी वर पोचला, हवा पूर्ण दाबली गेली की लगेच पाडावी. मलाही तसंच वाटायचं. पण पेट्रोल बॉम्बसारखं एकदम फुटत नाही. प्लगच्या टोकाशी छोटीशी ज्योत पेटते आणि ती चहूकडे पसरत जाते. संपूर्ण मिश्रण जळायला सेकंदाच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग लागतात. हे आपल्याला काहीच वाटत नाही. पण इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर पिस्टनला वरून खाली यायला असे दहाच भाग मिळतात. ठिणगी माथ्यावर पाडली, तर ज्योत पसरेपर्यंत पिस्टन बराच खाली निघून गेलेला असतो. धक्का वाया जातो, गाडी ओढत नाही, सायलेन्सर तापतो.

रमजानमध्ये सेहरीसाठी उठवायला माणूस येतो. तो अजानच्या वेळी येत नाही, बराच आधी येतो. उठायचं, चूल पेटवायची, जेवायचं, याला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक असतं. ठिणगीचं तसंच आहे. सगळ्यांत जास्त दाब पिस्टन माथा ओलांडून जरासा खाली वळल्यावर, साधारण बारा-पंधरा अंशांवर यावा, म्हणून ठिणगी माथ्याच्या आधीच पाडावी लागते. किती आधी? इंजिन सावकाश फिरत असेल तर क्रँकच्या दहाएक अंश. वेग वाढला की तीसेक अंश. जळायला लागणारा वेळ थोडाफार तोच, पण तेवढ्यात क्रँक जास्त फिरून जातो. वेग वाढला की आतली हवाही जास्त घुसळली जाते आणि ज्योत लवकर पसरते, त्यामुळे हिशेब अगदी सरळ पाढ्यासारखा राहत नाही. पण तत्त्व हेच.

हा हिशेब त्या जुन्या गाडीत कोण करायचं? डेल्कोच्या पोटात स्प्रिंगला बांधलेली दोन छोटी वजनं असायची. वेग वाढला की ती गरगरताना बाहेर फाकायची, जत्रेतल्या पाळण्यांसारखी, आणि ठिणगी आपोआप लवकर पडायची. बाजूला एक पातळ पडद्याची डबी असायची. इंजिनावरचा भार कमी-जास्त झाला की ती वेळ थोडी पुढे-मागे करायची. पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटायचा आणि बारा व्होल्टच्या बॅटरीतून हजारो व्होल्टचा झटका तयार व्हायचा. तीन हजार फेऱ्यांना दर सेकंदाला अशा शंभर ठिणग्या. तासाला तीन लाख साठ हजार.

पण या सगळ्याची सुरुवात कुठून करायची, ते माणसानेच ठरवायचं. डेल्कोचा नट सैल करायचा, सगळा डेल्को रोटरच्या उलट दिशेने किंचित फिरवला की ठिणगी आधी, रोटरच्या दिशेने फिरवला की उशिरा. अब्बा आधी बल्ब लावून खूण जुळवायचे. मग इंजिन चालू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे. डोळे मिटून दोन बोटांनी डेल्को हलवायचे. त्यानंतर स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून यायचे आणि मगच नट आवळायचे.

आता माझी गोष्ट. 1986 सालचा पावसाळा. मी सतरा वर्षांचा. अब्बा सुट्या भागांसाठी मुंबईला गेले होते. पनवेलचे एक मास्तर फियाट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आईला डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं होतं. म्हणाले, "गाडी जरा मंद वाटते रे, पिकअप नाही." मी अब्बांना शंभर वेळा बघितलं होतं. नट सैल केला, डेल्को फिरवला, आणखी जरा फिरवला. तळोज्याच्या दिशेने चक्कर मारली. सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की मीच खूश झालो. मास्तर खूश झाले, पाच रुपये जास्त देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोरघाटातून निरोप आला. तेव्हा द्रुतगती महामार्ग नव्हता, खोपोली सोडली की जुन्याच घाटाने चढावं लागे. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे मास्तरांची गाडी बंद पडली होती. त्यांची आई पावसात चार तास मागच्या सीटवर बसून होती. ऑपरेशनची तारीख चुकली. गाडी ट्रकला बांधून आमच्या शेडमध्ये आणली. अब्बांनी इंजिन खोललं आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन माझ्या हातात दिला. त्याच्या डोक्याला करंगळी जाईल एवढं भोक होतं.

काय झालं होतं? सपाट रस्त्यावर इंजिनावर भार कमी असतो, तेव्हा ठिणगी थोडी जास्त आधी पडली तरी खपून जातं. घाटात पाय पेट्रोलवर पूर्ण दाबलेला, वेग कमी, इंजिन तापलेलं. अशा वेळी ज्योत पसरत असताना पिस्टन अजून वर येतच असतो. कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापतं की ज्योत पोचायच्या आत स्वतःच पेटतं. मग आत टकटक सुरू होते, पत्र्यावर खडे उडावेत तशी. याला नॉकिंग म्हणतात. त्यातून तेव्हाचं साधं पेट्रोल 87 ऑक्टेनचं असायचं. आजच्या पेट्रोलइतकी दाब सोसायची ताकद त्यात नव्हती. टकटक होत राहिली की उष्णता वाढते, पिस्टनचं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि शेवटी भोक पडतं. मास्तरांना घाटात तो आवाज येत होता. त्यांना वाटलं, चढामुळे येत असेल.

अब्बा मला ओरडले नाहीत. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, सगळं त्यांनी खिशातून भरलं. आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. गाडी तयार झाल्यावर मला घेऊन मास्तरांच्या घरी गेले आणि म्हणाले, "मास्तर, चूक दुकानाची आहे." पोराची आहे, असं म्हणाले नाहीत. मास्तरांच्या आईने आम्हाला चहा दिला. कप कुठे ठेवायचा, हे त्यांना नीट दिसत नव्हतं. त्या चाचपडत तो टेबलावर ठेवत होत्या. मी तो चहा प्यायलो, पण कसा प्यायलो ते माझं मला माहीत. पुढे महिन्याभराने त्यांचं ऑपरेशन झालं आणि नीट झालं, हे कळेपर्यंत मी डेल्कोला हात लावला नाही.

घरी येताना अब्बा एवढंच म्हणाले, "ठिणगी आधी पडायला पाहिजे, हे तुला कळलं. पण किती आधी, हे गाडीला विचारावं लागतं. तू तिला चढावर नेऊन विचारलंस का?"

पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. शेड अब्बांनीच चालवली. शेजारी दिवसभर लोखंड कापलं जायचं, आपटलं जायचं. त्या आवाजात वर्षानुवर्षं राहून त्यांचे कान गेले. ज्या कानांवर घर चालायचं, तेच गेले. मग ते इंजिनावर तळहात ठेवायचे आणि त्या थरथरीवरून सांगायचे.

दरम्यान गाड्याच बदलल्या. पद्मिनी बनायची थांबली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2003 साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. आताच्या गाडीत डेल्को नाही, पॉइंट नाही. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल असते. क्रँकवर एक दातेरी चाक असतं. अनेक इंजिनांत साठ दात्यांच्या जागा असतात, त्यातले दोन दाते मुद्दाम गाळलेले. ती रिकामी जागा समोरून गेली की संगणकाला कळतं, फेरा इथून मोजायचा. ट्रकच्या डिझेल इंजिनात तर ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. पण तो फवाराही माथ्याच्या जरा आधीच मारावा लागतो, आणि आता त्याचीही वेळ संगणकच सांभाळतो.

माझा भाचा आज त्याच धंद्यात आहे. एकदा त्याने अब्बांना एक नवी गाडी दाखवली. इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळलेलं बोराएवढं एक यंत्र होतं. त्याला नॉक सेन्सर म्हणतात. आतल्या स्फटिकाला टकटकीची थरथर जाणवली की त्यातून किंचित वीज निघते. संगणक त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश उशिरा पाडतो, टकटक थांबली की हळूहळू पुन्हा आधी आणतो. सेकंदाच्या आत, चढावर, भार असताना, सारखा विचारत राहतो. भाच्याने हे सगळं अब्बांना कागदावर लिहून दाखवलं, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग त्या बोराएवढ्या यंत्रावर बोट ठेवून मला म्हणाले, "हे तेव्हा असतं, तर म्हातारीला पावसात बसावं लागलं नसतं."

त्या प्रसंगाला तेव्हा पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. आम्ही घरात त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. मला वाटत होतं, ती चूक माझी एकट्याची आहे आणि लक्षातही मलाच आहे. तेव्हा कळलं, ते ती इतकी वर्षं माझ्याबरोबर वागवत होते.

अब्बा आता नाहीत. शेडच्या जागी दुसरंच दुकान आहे. श्रोतेहो, तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि चढावर आत खडे उडाल्यासारखा आवाज आला, तर पाय थोडा उचला, गिअर खालचा टाका, इंजिनाला मोकळं फिरू द्या. आणि खाली उतरल्यावर मेकॅनिकला टायमिंग बघायला सांगा. आवाज चढाचा नसतो. नवी गाडी असेल, तर तिचं तीच बघून घेईल. रात्री ट्रक चढाला लागले की मी अजूनही कान देऊन ऐकतो. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार.